तपासून देणारी माणसं

शेअरवेअर, म्हणजे आधी वापरून पाहा आणि पटलं तर पैसे भरा असं सॉफ्टवेअर, हे व्हायरसला आमंत्रण, असं लिहिणारे आजही भेटतात. मला ते साफ नामंजूर आहे. आपल्याकडचे पीसी बूट सेक्टर व्हायरसांनी हैराण झाले ते हातोहात फिरणाऱ्या चोरट्या गेम्सच्या फ्लॉप्यांमुळे. शेअरवेअरच्या वाटेवर तपासणारी माणसं बसलेली असत.

शेअरवेअरची सुरुवात, म्हणजे १९८२ सालचं फ्लूगेलमनचं पीसी-टॉक, जिम नॉफचं पीसी-फाइल, हे सगळं आता सर्वांना पाठ आहे. बॉब वॉलेसच्या पीसी-राइटची योजना मात्र पुन्हा सांगण्याजोगी. ७५ डॉलर भरून नोंदणी करायची. तुमच्या प्रतीवरून पुढे कुणी नोंदणी केली की २५ डॉलर तुम्हाला. पीसी-सिग आणि टपालाने डिस्क विकणारे इतर, त्यांचे जाडजूड कॅटलॉग, यावर रेंगाळत नाही.

माझा जीव जडला तो सिमटेलवर. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स या लष्करी तळावरच्या मशीनवर शेअरवेअरचा हा साठा होता आणि कीथ पीटरसन तो निगुतीने सांभाळत. फाइली विषयवार लावलेल्या, प्रत्येकीला एका ओळीचं वर्णन. १९९३ मध्ये ते मशीन बंद झालं, तेव्हा वॉलनट क्रीक सीडीरॉमने साठा पुढे चालवला. अमिगा संगणक वापरणाऱ्यांसाठी हेच काम फ्रेड फिश यांनी १९८६ पासून केलं आणि हजारावर डिस्क भरल्या.

तपासणी कशी चाले? मॅकॅफीच्या स्कॅन या व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामबरोबर व्हॅलिडेट नावाचा चिमुकला प्रोग्राम येई. फाइलचा आकार, तारीख आणि दोन चेक-आकडे तो पडद्यावर दाखवी. सोबतच्या माहितीपत्रकाशी ते ताडून पाहायचे. १९९५ मध्ये पीकेझिप ३.०० म्हणून एक घातक बनावट फाइल फिरली. खरी आवृत्ती २.०४जीच्या पुढे गेलेली नाही, हे ज्याने साठ्याच्या यादीत पाहिलं होतं तो फसला नाही.

आपल्याकडे अडचण निराळी. परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे २५ डॉलर पाठवणंही कठीण, आणि विदेश संचार निगमचं इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. तोवर भिस्त मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर. तिथल्या एका दुकानातून रीडमी पुसून टाकलेली डिस्क मिळाली: लेखकाचा पत्ता, नोंदणीची रक्कम, वाटपाच्या अटी, सगळंच गायब. लेखकाचा हक्कच मारलेला! मी त्या दुकानदाराशी कडाडून भांडलो. पुढे संगणक मासिकांच्या सीडी आल्या आणि अंकाच्या किमतीत निवडलेला माल घरी येऊ लागला.

मग साठेवालेच भेसळ करू लागले. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने एनमॅप स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून त्याला टूलबार चिकटवला. २०१५ मध्ये सोर्सफोर्जवर जिंपचीही तीच गत झाली. इंटरनेटने सगळं सोपं केलं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. विंडोजवाल्यांनी शोधात पहिल्यांदा दिसेल ते उतरवून घेऊ नये. लेखकाच्या पानावर जावं, तिथे दिलेला एसएचए-२५६ हा चेक-आकडा ताडावा. जुनी शिस्त मला आज डेबियन या लिनक्समध्ये आणि अँड्रॉइडवरच्या एफ-ड्रॉइड या ॲप-साठ्यात दिसते. एफ-ड्रॉइडची मंडळी बहुतेक ॲप मूळ सोर्सवरून स्वतः बांधतात, आणि आत जाहिराती किंवा पाळत ठेवणारा कोड असेल तर ॲपच्या पानावर तसं स्पष्ट लिहितात.