फिरत्या तांब्याला गारवा कसा पोचतो?

मे महिन्याची दुपार. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला, घरोघरी कूलर घरघरत आहेत. पण मित्रांनो, ही वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला कोण थंड ठेवते, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

अकोला जिल्ह्यात पारसला औष्णिक वीज केंद्र आहे. तेथे २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. अमरावतीजवळ नांदगावपेठलाही असेच मोठे केंद्र आहे. अशा जनित्राचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो. त्यातल्या तांब्याच्या वेटोळ्यांतून वीज वाहते आणि ती तापतात. फार तापली तर वरचे विद्युतरोधक वेष्टन खराब होते आणि ऐन उन्हाळ्यात संच बंद ठेवावा लागतो. म्हणून वेटोळ्यांत बारीक वाटा ठेवून त्यांतून हायड्रोजन खेळवतात. तो हवेहून सुमारे १४ पट हलका, आणि उष्णता मात्र सातपट चांगली वाहून नेतो. हवेत मिसळला तर तो स्फोटक, म्हणून जनित्र घट्ट बंद असते बरे का!

आता गंमत पाहा. पुठ्ठ्याची गोल चकती पेन्सिलीच्या टोकावर मित्राला फिरवायला सांगा. वर पट्टी स्थिर धरून तुम्ही मध्यापासून कडेकडे सरळ रेघ ओढा. चकतीवर उमटलेली रेघ वाकडी, मागे रेललेली दिसेल. बाहेर जाणारा वायूही असाच मागे पडतो आणि वाटेच्या मागच्या भिंतीवर दाबला जातो. ती भिंत चांगली निवते, पुढची मात्र तापलेलीच राहते. वायू आत परतताना नेमके उलट घडते. ही करामत ज्या बलाची, त्याला कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव आहे.

बरे, आत डोकावणार कसे? आसापासून अर्ध्या मीटरवर एक ग्रॅमचा खडा तेथे पाच किलोसारखा जड होतो. साधा तापमापक कसा टिकणार? तेव्हा अभियंते ती वाट संगणकात उभी करतात. तिचे लाखो चिमुकले कप्पे पाडतात. प्रत्येक कप्प्यात वायू किती आला, किती गेला, कोणते बल लागले, उष्णता कुठे गेली, याचा हिशेब शेजारच्या कप्प्यांशी जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा करतात. कप्पे आणखी बारीक केल्यावर उत्तर बदलले, तर पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. शेवटी प्रयोगशाळेतल्या फिरत्या नमुन्यावरच्या मोजमापांशी ते ताडून पाहतात.

मग वाटेचा आकार बदलायचा, भिंतीवर बारीक कंगोरे ठेवायचे. पण कंगोऱ्यांनी वायूला अडथळाही वाढतो, प्रवाह मंदावतो, आणि सारा हिशेब पुन्हा पहिल्या कप्प्यापासून मांडावा लागतो.