वाटाण्याएवढ्या ग्रंथीचं गाऱ्हाणं



आपल्या प्रत्येकीच्या नात्यागोत्यात एक तरी ‘आळशी’ बाई असते. हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की तिचा विषय निघतो. “काम दिसलं की हिचं अंग दुखतं,” “दुपारी चार वाजेपर्यंत लोळत असते,” “पोराला अंगावर पाजलंसुद्धा नाही हो!” आमच्या घरात ही जागा होती माझ्या थोरल्या जाऊबाईंची.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा धाकटा तीन वर्षांचा होता. चेहरा फिकट, जरा सुजल्यासारखा, भुवया विरळ. वैशाखातसुद्धा पाठीवर शाल. अर्धी कणीक मळून झाली की पाटावर टेकायच्या. मी सकाळी घरचं आटोपून दुपारच्या शाळेत शिकवायला जाते. त्यामुळे त्यांच्या वाटणीचं काम माझ्या अंगावर पडलं की माझा तिळपापड व्हायचा. कबूल करते, ‘आळशी’ हा शब्द मीही उच्चारला आहे, आणि तो त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं!

सासूबाई मात्र अधूनमधून म्हणायच्या, “अशी नव्हती गं ती आधी. थोरल्याच्या वेळी चौथ्या महिन्यात पापड लाटायला बसली होती.” हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलं, पण त्याचा अर्थ लावावा असं मला कधी वाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीत जाऊबाईंना जुलाब-उलट्या झाल्या. घरात सगळ्यांनाच थोडंफार झालं होतं, बाकीचे दोन दिवसांत उठले. जाऊबाई तिसऱ्या दिवशी सकाळी हाका मारूनही डोळे उघडेनात. इस्पितळात नेलं तेव्हा रक्तदाब अगदी खाली, रक्तातली साखर कमी, सोडियम म्हणजे मिठाचा अंश तर फारच उतरलेला. सलाइन चालू झालं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना दोन प्रश्न विचारले, “शेवटच्या बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं का? आणि बाळाला दूध आलं होतं का?”

सासूबाई म्हणाल्या, “रक्ताचं तर पाणी वाहावं तसं झालं होतं. दोन बाटल्या चढवल्या. दूध थेंबभरही आलं नाही. आणि तेव्हापासून पाळीही नाही. आम्हांला वाटलं, सुटली बिचारी कटकटीतून!”

डॉक्टरीणबाईंनी तपासणीसाठी रक्त काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता लगेच हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी जाऊबाई उठून बसल्या आणि त्यांनी चहा मागितला. बारा वर्षांच्या ‘आळसा’चं नाव त्या दिवशी आम्हांला कळलं : शीहान सिंड्रोम.

मुख्याध्यापिकाबाई आजारी पडल्या तर?

मी बी. ए. झालेली बाई, डॉक्टर नव्हे. पण त्या दिवसापासून जे विचारून आणि वाचून समजून घेतलं, ते तुम्हांला सांगते.

आपल्या मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका छोट्या खळग्यात पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूषिका म्हणतात. आकार वाटाण्याएवढा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. पण अधिकार केवढा! शाळेत मुख्याध्यापिकाबाई घंटा देतात आणि सगळे वर्ग सुरू होतात, तशी ही ग्रंथी रक्तातून हुकूम पाठवते. गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला एक हुकूम, स्त्रीबीजकोशांना दुसरा, स्तनांना दूध तयार करण्याचा तिसरा. आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अ‍ॅड्रिनल ग्रंथींना चौथा. या अ‍ॅड्रिनल म्हणजे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा स्राव तयार करतात. ताप, जुलाब, ऑपरेशन अशा संकटात रक्तदाब आणि साखर टिकवून धरायचं काम याच कॉर्टिसोलचं. त्याच्याशिवाय माणूस जगत नाही.

गरोदरपणात दुधाच्या तयारीसाठी पिट्युटरी फुगते, पण तिला होणारा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. अशा वेळी बाळंतपणात भरमसाट रक्तस्राव होऊन रक्तदाब एकदम कोसळला, तर या वाढलेल्या ग्रंथीला रक्त पोचत नाही आणि तिचा पुढचा भाग मरतो. मुख्याध्यापिकाबाईच अंथरुणाला खिळल्या! वर्गात शिक्षिका हजर आहेत, पण घंटाच होत नाही. मग दूध येत नाही, पाळी येत नाही, थायरॉइड मंदावतो, कॉर्टिसोल आटतं. बाई जगते, पण अर्ध्या वातीवर.

हे कुणी शोधून काढलं?

१९१४ साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स या डॉक्टरांनी, बाळंतपणानंतर वर्षानुवर्षं खंगत जाऊन वारलेल्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात पिट्युटरी नष्ट झालेली पाहिली होती. पण रक्तस्रावाशी त्याचं नातं स्पष्ट केलं ते हॅरल्ड शीहान यांनी. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या प्रसूतिरुग्णालयात ते संशोधन करत. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या ग्रंथी त्यांनी बारकाईनं तपासल्या आणि १९३७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्त जाऊन बाईचे प्राण कंठाशी आले असतील, तर पिट्युटरी मरू शकते.

त्या काळी निदान झालं तरी इलाज फारसा नव्हता. पुढे अ‍ॅड्रिनल ग्रंथीतले स्राव ओळखून कॉर्टिसोन तयार झालं आणि त्या कामासाठी केंडाल, राइकश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० चं नोबेल पारितोषिक मिळालं. आज या जातीच्या गोळ्या कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. तसं नाही. श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी काश्मीर खोऱ्यातल्या बाळंत झालेल्या, विशीपुढच्या स्त्रियांची पाहणी केली. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांच्या अंदाजानुसार शंभरात सुमारे ३ स्त्रियांना हा विकार होता, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणं घरीच झाली होती. जिथे इस्पितळ आणि रक्त वेळेवर मिळतं तिथे हा रोग दुर्मीळ झाला आहे. म्हणजे हा नशिबाचा खेळ नव्हे, सोयीचा प्रश्न आहे!

दिसत असूनही का दिसत नाही?

याचं कारण तो दबक्या पावलांनी येतो. रक्तस्रावाची घटना होऊन दहा-पंधरा वर्षं लोटतात. दूध आलं नाही तर “तिच्या अंगातच नाही” म्हणून बाटली हातात देतात. पाळी गेली तर लवकर गेली. काखेतले आणि जांघेतले केस गळाले, तर ते बाई कुणाला सांगणार? थंडी सोसत नाही, कातडी कोरडी, चेहरा फिकट, म्हणून लोहाच्या गोळ्या. उभं राहिलं की चक्कर, म्हणून “काही खात नाही.”

तपासणीतही एक चकवा आहे. जाऊबाईंचा थायरॉइड पूर्वी एकदा तपासला होता. फक्त टी.एस.एच. पाहिलं, ते ठीक आलं आणि विषय संपला. पण टी.एस.एच. हा तर मुख्याध्यापिकाबाईंचाच हुकूम! एरवी थायरॉइड मंदावला की हा हुकूम वाढतो. इथे हुकूम देणारीच आजारी, तर तो वाढणार कुठून? म्हणून सोबत टी-४ पाहावं लागतं. त्याशिवाय सकाळी आठच्या सुमारास घेतलेल्या रक्तातलं कॉर्टिसोल, प्रोलॅक्टिन आणि पाळीशी संबंधित एल.एच., एफ.एस.एच. तपासतात. एम.आर.आय. केला तर ग्रंथीचा खळगा पुष्कळदा रिकामा दिसतो.

उपचारातही क्रमाला महत्त्व आहे. आधी कॉर्टिसोलची भरपाई, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर उरलंसुरलं कॉर्टिसोलही लवकर संपतं आणि बाईची प्रकृती एकदम ढासळू शकते.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीती

गोळ्यांचं नाव ऐकून आमच्या मोठ्या दिरांचा चेहरा उतरला. “स्टेरॉइड? आयुष्यभर?” त्यात शेजारच्या काकूंनी सांगितलं, “हाडं ठिसूळ होतात गं, सोडून दे.” जाऊबाईंनी तीन दिवस गोळी सोडली आणि चौथ्या दिवशी पुन्हा इस्पितळ गाठावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हां सगळ्यांनाच समोर बसवलं. “आमटीत मीठ मुळीच नसेल तर बेतानं घालावंच लागतं ना? जास्त झालं तर खारट होते, म्हणून काही अळणी आमटी कुणी वाढत नाही. शरीर रोज जेवढं तयार करतं तेवढंच आपण बाहेरून देतो आहोत.” दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. बाहेरून मिळत राहिलं की त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या एकदम बंद केल्या तर त्यांच्यावरही असाच प्रसंग येऊ शकतो.

मुळात होऊच नये म्हणून

या बाबतीत आपल्या शेजारचंच उदाहरण मोलाचं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० बाळंतिणींवर एक अभ्यास झाला. परिचारिकांनी प्रसूती होताच काहींना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या आणि काहींना तशाच दिसणाऱ्या साध्या गोळ्या. साध्या गोळ्यांच्या गटात शंभरात १२ जणींना जास्त रक्तस्राव झाला, औषधाच्या गटात ६.४ जणींना. २००६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या अभ्यासात रक्त नुसत्या नजरेनं न अजमावता, बाळंतिणीच्या खाली मोजपट्टी असलेली प्लॅस्टिकची पिशवी ठेवून मोजलं होतं. “दोन चादरी भिजल्या” म्हणण्यात आणि “७०० मिलिलिटर गेलं” म्हणण्यात केवढा फरक आहे!

एवढं लक्षात ठेवा

* गरोदरपणात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या न चुकता घ्या. अंगात रक्त कमी असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

* बाळंतपणानंतर तासाभरात घडी पूर्ण भिजली, चक्कर आली किंवा घाम फुटला, तर भिडेखातर गप्प बसू नका. ताबडतोब सांगा.

* बाळंतपणात किती रक्त गेलं, किती चढवलं, याचे कागद जपून ठेवा. लग्नाच्या अल्बमइतकेच ते महत्त्वाचे आहेत.

* अशा बाळंतपणानंतर दूध आलं नाही आणि पाळीही परत आली नाही, तर या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगा.

* निदान झालं असेल तर गोळी कधीही स्वतःहून बंद करू नका. ताप आला की डोस किती वाढवायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच घ्यावं लागतं, तिथे वाट पाहू नका.

मात्र हे वाचून उगीच धास्तावू नका. दूध कमी येण्याची, थकवा येण्याची साधी कारणं पुष्कळ आहेत. भरपूर रक्त गेलेल्या प्रत्येकीला हा विकार होतो असंही नाही. पण विचारायला काय हरकत आहे?

जाऊबाई आता सकाळी गोळी घेतात, दुपारी दुसरी घेतात आणि कामाला लागतात. शाल कपाटात गेली आहे. यंदा कुरडया त्यांनीच घातल्या, मी नुसती हाताखाली होते. ‘आळशी’ म्हटल्याबद्दल मी त्यांची माफी अजून मागितलेली नाही, धीरच होत नाही. पण त्यांच्या पर्समध्ये एक चिठ्ठी असते : ‘मला शीहान सिंड्रोम आहे. बेशुद्ध आढळल्यास त्वरित हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यावं.’ ती मी माझ्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहून दिली आहे. कागद मळला की नवी लिहून देते.

तुमच्या नात्यातही अशी एखादी ‘आळशी’ असेल. पुढच्या हळदीकुंकवाला तिच्याविषयी कुजबुजण्याऐवजी तिच्या शेजारी जाऊन बसा आणि हळूच विचारा, “शेवटच्या बाळंतपणात काय झालं होतं गं?”