विमान प्रवासातील सामानाचे नुकसान

विमान प्रवासातील सामानाचे नुकसान म्हणजे प्रवाशाने विमान कंपनीच्या ताब्यात दिलेले सामान चढवताना, उतरवताना, वाहून नेताना किंवा साठवताना फुटणे, फाटणे, भिजणे, मोडणे अथवा त्यातील वस्तू खराब किंवा गहाळ होणे. अशा नुकसानीबद्दल विमान कंपनीचे उत्तरदायित्व आंतरराष्ट्रीय प्रवासात मुख्यतः १९९९ च्या माँट्रियल कराराने ठरते. भारतात हा करार १९७२ च्या हवाई वहन अधिनियमाद्वारे लागू झाला आहे. कायदा बऱ्याच अंशी प्रवाशाच्या बाजूने असला, तरी लेखी तक्रार मुदतीत न केल्यामुळे अनेक दावे बाद होतात. त्यामुळे या विषयात हक्काइतकेच कार्यपद्धतीलाही महत्त्व आहे.

सामानाचा प्रवास आणि नुकसानीची कारणे

प्रवाशाने काउंटरवर दिलेली बॅग टॅग लावल्यानंतर सरकत्या पट्ट्यावरून क्ष-किरण तपासणीकडे जाते. तपासणीनंतर उड्डाणानुसार तिचे वर्गीकरण होते आणि ती ट्रॉलीतून विमानापर्यंत नेली जाते. मोठ्या विमानांत सामान बहुधा धातूच्या पेट्यांमध्ये भरून चढवले जाते. लहान विमानांत मात्र एकेक बॅग हाताने उचलून, सामानकक्षात वाकून किंवा गुडघ्यांवर बसून रचावी लागते. विमान बदलावे लागत असल्यास ही साखळी पुन्हा घडते.

या प्रवासात पट्ट्यांच्या वळणांवर बॅगा एकमेकींवर आदळतात, चाके व मुठी फटीत अडकतात, जड बॅगांखाली हलक्या बॅगा दबतात आणि पावसाळ्यात उघड्या ट्रॉलीवरील सामान भिजते. घाईने होणारी फेकाफेक हेही एक कारण आहे. काही वेळा मूळ दोष बांधणीत असतो : क्षमतेपेक्षा जास्त भरलेली बॅग, कमकुवत झालेली चेन किंवा तेलाच्या लोणच्याची नीट बंद न केलेली बरणी. नुकसान कोणत्या कारणाने झाले, यावर भरपाईचा प्रश्न बराचसा अवलंबून असतो.

कायद्याचा विकास

हवाई वाहकाच्या उत्तरदायित्वाचे पहिले व्यापक आंतरराष्ट्रीय नियम १२ ऑक्टोबर १९२९ रोजी स्वाक्षऱ्या झालेल्या वॉर्सा कराराने घालून दिले. त्या काळी विमान वाहतूक बाल्यावस्थेत होती. म्हणून प्रवाशाला भरपाईचा हक्क देतानाच कंपनीच्या दायित्वावर कमाल मर्यादाही घालण्यात आली. नोंदणीकृत सामानासाठी ही मर्यादा किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक होती. सर्व आवश्यक काळजी घेतल्याचे सिद्ध केल्यास कंपनीची सुटकाही होऊ शकत असे. नुकसानीची तक्रार करण्यास केवळ ३ दिवसांची मुदत होती. ती १९५५ च्या हेग नयाचाराने ७ दिवस केली.

२८ मे १९९९ रोजी स्वाक्षऱ्या झालेला आणि ४ नोव्हेंबर २००३ रोजी अमलात आलेला माँट्रियल करार हा या जुन्या व्यवस्थेचा उत्तराधिकारी होय. त्याने सामानाच्या वजनावर आधारलेली मर्यादा रद्द करून प्रवाशामागे एक मर्यादा ठरवली. त्यामुळे हलक्या पण मौल्यवान सामानाच्या मालकावर होणारा अन्याय कमी झाला.

भारतात वॉर्सा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला होता. त्याची जागा १९७२ च्या हवाई वहन अधिनियमाने घेतली. २००९ मध्ये भारताने माँट्रियल करार स्वीकारला आणि अधिनियमात दुरुस्ती करून तो तिसऱ्या अनुसूचीत समाविष्ट केला.

उत्तरदायित्वाचे स्वरूप

माँट्रियल कराराच्या १७ व्या अनुच्छेदानुसार, नोंदणीकृत सामानाचे नुकसान ते विमानात असताना किंवा कंपनीच्या ताब्यात असताना झाले, एवढे पुरेसे आहे. कंपनीची चूक प्रवाशाला सिद्ध करावी लागत नाही. बॅग कोणत्या विमानतळावर, कोणाच्या हातून फुटली हे प्रवाशाला कळणे शक्यच नसते. म्हणून ही तरतूद महत्त्वाची ठरते. नुकसान सामानाच्या अंगभूत दोषामुळे झाले असेल, तर तेवढ्यापुरती कंपनी जबाबदार नसते. प्रवाशाच्या निष्काळजीपणाचा वाटा असल्यास २० व्या अनुच्छेदानुसार भरपाई त्या प्रमाणात कमी होते.

प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाला वेगळा नियम आहे. तेथे कंपनीची, तिच्या कर्मचाऱ्यांची किंवा प्रतिनिधींची चूक दाखवावी लागते.

तिकिटाच्या अटींमध्ये ‘चाके, मुठी व पट्टे यांच्या नुकसानीस कंपनी जबाबदार नाही’ असे वाक्य पुष्कळदा आढळते. परंतु कराराच्या २६ व्या अनुच्छेदानुसार वाहकाला दायित्वातून मुक्त करणारी किंवा मर्यादा कमी करणारी अट निरर्थक असते. सामान्य वापरातून पडणारे ओरखडे आणि झीज यांबद्दल भरपाई नाकारणे ही एक गोष्ट. तुटून निघालेले चाक झीज म्हणून दाखवणे ही दुसरी. अमेरिकेच्या परिवहन विभागानेही २०१५ मध्ये विमान कंपन्यांना याबाबत समज दिली होती.

भरपाईची मर्यादा

मर्यादा ‘विशेष आहरण अधिकार’ अर्थात एसडीआर या एककात सांगितली जाते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने निर्माण केलेल्या या एककाचे मूल्य अमेरिकी डॉलर, युरो, चिनी युआन, जपानी येन आणि ब्रिटिश पौंड या पाच चलनांवरून ठरते. महागाईनुसार मर्यादेचा वेळोवेळी फेरविचार होतो. सामानासाठी ती पुढीलप्रमाणे बदलत गेली :

- मूळ करारात : १,००० एसडीआर
- ३० डिसेंबर २००९ पासून : १,१३१ एसडीआर
- २८ डिसेंबर २०१९ पासून : १,२८८ एसडीआर
- २८ डिसेंबर २०२४ पासून : १,५१९ एसडीआर, म्हणजे सुमारे दोन हजार अमेरिकी डॉलर

ही कमाल मर्यादा आहे; ठरावीक रक्कम नव्हे. प्रत्यक्ष नुकसान जेवढे सिद्ध होईल तेवढीच भरपाई मिळते, असे युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. त्याच न्यायालयाने २०१० मध्ये या मर्यादेत आर्थिक नुकसान आणि मनस्ताप हे दोन्ही येतात असा निर्णय दिला होता. एकाच बॅगेत कुटुंबातील अनेकांचे सामान असल्यास, आपल्या वस्तू त्यात होत्या हे सिद्ध करणारा प्रत्येक प्रवासी स्वतंत्र मर्यादेपर्यंत दावा करू शकतो, असा २०१२ चा निर्णय आहे.

मर्यादेपलीकडची भरपाई दोन परिस्थितींत मिळू शकते. सामान सोपवताना प्रवाशाने त्याचे विशेष मूल्य जाहीर करून आवश्यक असल्यास अधिक शुल्क भरलेले असावे; किंवा नुकसान हेतुपुरस्सर अथवा परिणामाची जाणीव असूनही बेपर्वाईने केल्याचे सिद्ध व्हावे.

भारतातील देशांतर्गत प्रवासासाठी मात्र मर्यादा बरीच कमी आहे. २०१४ च्या अधिसूचनेने ती प्रवाशामागे २०,००० रुपये ठरवली. प्रवास आंतरराष्ट्रीय की देशांतर्गत हे विमानाच्या एका टप्प्यावरून नव्हे, तर संपूर्ण करारावरून ठरते. नागपूर–मुंबई–लंडन असा प्रवास एकाच कराराखाली असेल, तर नागपूर–मुंबई हा टप्पाही आंतरराष्ट्रीय वहनाचाच भाग मानला जातो.

तक्रारीची मुदत

कराराच्या ३१ व्या अनुच्छेदानुसार नुकसान आढळताच, आणि कोणत्याही परिस्थितीत सामान मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत, कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. हे दिवस कामकाजाचे नसून कॅलेंडरचे असतात. रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही त्यांत मोजल्या जातात. मुदतीत तक्रार पाठवली असली तरी पुरते. सामान उशिरा मिळाल्याबद्दलच्या तक्रारीस २१ दिवसांची मुदत आहे.

ही मुदत टळल्यास, कंपनीने फसवणूक केल्याचे प्रकरण सोडून, दावाच करता येत नाही. शिवाय तक्रार न करता सामान स्वीकारणे हा ते सुस्थितीत मिळाल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. लांबच्या प्रवासानंतर थकून घरी गेलेला आणि आठवड्याने बॅग उघडणारा प्रवासी त्यामुळे आपला हक्क गमावू शकतो.

तोंडी तक्रारीबाबत युरोपीय संघाच्या न्यायालयाचा १२ एप्रिल २०१८ चा निर्णय उल्लेखनीय आहे. मालागाहून हेलसिंकीला आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून वस्तू गहाळ झाल्या होत्या. तिने दूरध्वनीवरून केलेली तक्रार कंपनीच्या प्रतिनिधीने संगणकात नोंदवली. नोंदीतील मजकूर तपासण्याची व मुदतीत दुरुस्त करण्याची संधी प्रवाशाला असेल, तर अशी नोंद लेखी तक्रार ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले.

दाव्याची कार्यपद्धती

नुकसान लक्षात आल्यावर सामान घेण्याच्या कक्षातच असलेल्या कंपनीच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या काउंटरवर ‘मालमत्ता अनियमितता अहवाल’ भरला जातो. तो पीआयआर या नावाने ओळखला जातो. त्याच्या क्रमांकात साधारणपणे विमानतळाची तीन अक्षरे, कंपनीची दोन अक्षरे आणि पाच अंक असतात. हा अहवाल घटनेची नोंद असतो. भरपाईची मागणी त्यात आपोआप येतेच असे नाही. म्हणून ७ दिवसांच्या आत ईमेल किंवा पत्राने स्वतंत्र लेखी दावा करणे सुरक्षित ठरते.

दाव्यासोबत पुढील पुरावे उपयोगी पडतात :

- सामानाचा टॅग, पावती व बोर्डिंग पास
- बॅगेची आणि आतील वस्तूंची सर्व बाजूंनी, शक्यतो विमानतळावरच काढलेली छायाचित्रे
- प्रवासापूर्वीच्या स्थितीचे छायाचित्र
- खरेदीची बिले किंवा दुरुस्तीचे अंदाजपत्रक
- दुरुस्ती शक्य नसल्यास दुकानदाराचे तसे पत्र

कंपनी बॅग दुरुस्त करून देते, नवी देते किंवा रोख रक्कम देते. जुन्या वस्तूच्या किमतीतून घसारा वजा केला जातो. दावा निकाली निघेपर्यंत फुटलेली बॅग टाकून देणे प्रवाशाच्या हिताचे नसते, कारण कंपनी ती पाहण्याची मागणी करू शकते.

प्रवास अनेक कंपन्यांच्या विमानांनी झाला असल्यास पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्या टप्प्यात नुकसान झाले ती कंपनी, यांपैकी कोणाविरुद्धही दावा करता येतो. व्यवहारात तक्रार बहुधा शेवटच्या कंपनीकडे नोंदवली जाते.

काउंटरवर नाजूक, आधीच फाटलेल्या किंवा फार भरलेल्या बॅगेला मर्यादित जबाबदारीचा टॅग लावून त्यावर प्रवाशाची सही घेतली जाते. पुढे ही सही बॅग मुळातच सदोष असल्याचा पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. त्यामुळे त्यावर कोणता पर्याय खुणावला आहे, हे वाचून सही करणे इष्ट असते.

भारतातील दाद

कंपनीकडून समाधान न झाल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘एअरसेवा’ या संकेतस्थळावर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार तक्रारदार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करू शकतो आणि वकील नेमणे बंधनकारक नाही. हवाई वहनाच्या वादात ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मालवाहतुकीच्या एका प्रकरणात मान्य केले. न्यायालयीन दाव्यासाठी माँट्रियल करारातील मुदत २ वर्षांची आहे.

वाद्यांचे नुकसान

संगीतवाद्ये हा या विषयातील सर्वांत संवेदनशील भाग होय. ३१ मार्च २००८ रोजी कॅनडातील गायक-वादक डेव्ह कॅरोल हे युनायटेड एअरलाइन्सने शिकागोमार्गे ओमाहाला जात असताना त्यांची सुमारे ३,५०० डॉलर किमतीची गिटार मोडली. दुरुस्तीला १,२०० डॉलर लागले. विहित मुदतीत औपचारिक दावा न केल्याचे कारण देऊन कंपनीने भरपाई नाकारली. कॅरोल यांनी त्यावर रचलेले गाणे ६ जुलै २००९ रोजी यूट्यूबवर आले आणि जगभर पाहिले गेले. त्यानंतर कंपनीने जॅझ संगीताच्या एका संस्थेला ३,००० डॉलरची देणगी दिली. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने जागा असल्यास लहान वाद्ये प्रवासीकक्षात नेण्याची मुभा दिली.

भारतीय वाद्यांना हा धोका अधिक आहे. मिरजेतील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचा भोपळा पातळ आणि ठिसूळ असतो. बाहेरचे आवरण शाबूत राहूनही तो आत तडकू शकतो. त्यामुळे पेटीवर ओरखडा नसला तरी विमानतळावरच ती उघडून पाहणे आणि तडा आढळल्यास तेथेच नोंद करणे महत्त्वाचे ठरते. एकदा बदललेल्या भोपळ्याने वाद्याचा नाद पूर्वीसारखा राहीलच असे नाही, आणि नादातील या फरकाची किंमत कोणत्याही बिलावर लिहिलेली नसते.

प्रतिबंध

रोकड, दागिने, औषधे, महत्त्वाची कागदपत्रे आणि नाजूक उपकरणे जवळच्या सामानात ठेवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या तर नोंदणीकृत सामानात ठेवण्यास मनाईच आहे. जुने टॅग काढून टाकणे, सैल पट्टे आत घेणे आणि द्रवपदार्थ दुहेरी पिशवीत ठेवणे यांनी धोका कमी होतो. प्रवास विमा असल्यास विमा कंपनी भरपाई देऊन नंतर ती विमान कंपनीकडून वसूल करू शकते. मात्र विम्याचा दावा करतानाही बहुधा पीआयआरची प्रत मागितली जाते.

कंपन्यांच्या बाजूने, आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचा ७५३ क्रमांकाचा ठराव १ जून २०१८ पासून लागू आहे. प्रवाशाकडून स्वीकारताना, विमानात चढवताना, दुसऱ्या विमानासाठी सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना अशा चार टप्प्यांवर सामानाची नोंद ठेवणे त्यानुसार अपेक्षित आहे. अशा नोंदींमुळे बॅग केव्हा कोणाच्या ताब्यात होती हे कळते. ती कशी हाताळली गेली हे मात्र त्यांतून कळत नाही. त्याचा मुख्य पुरावा प्रवाशाने वेळेवर केलेली तक्रार हाच राहतो.