हात स्वच्छ, मान ताठ
(शाळांतील आरोग्य व संस्कारवर्गाच्या कामातून आम्ही काय शिकलो)

आपल्या संस्थेचे काही कार्यकर्ते दर शनिवारी महानगरपालिकेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात, हे सभासदांना माहीत आहेच. "तिथे जाऊन तुम्ही नेमके करता तरी काय?" असा प्रश्न आम्हांला अनेकदा विचारला जातो. मुलांना हात धुवायला शिकवतो, गोष्टींची पुस्तके वाचून दाखवतो, छोटे प्रयोग करतो, असे उत्तर दिले की विचारणाऱ्याचे समाधान होते. परंतु हे उत्तर अपुरे आहे. या कामातील खरी अडचण साबणाची नाही, ती मानाची आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने थोडे सविस्तर लिहीत आहोत.

आमची पहिली चूक

सुरुवातीला आम्ही जे केले ते सर्वच ठिकाणी केले जाते. परिपाठाच्या वेळी मुलांना रांगेत उभे केले, नखे पाहिली, केस पाहिले. ज्यांची नखे वाढलेली होती अशा तीन मुलांना पुढे बोलावून स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले. बाकीची मुले हसली. आम्हांला वाटले, कार्यक्रम छान झाला. पुढच्या शनिवारी त्या तिघांपैकी एक मुलगा शाळेत आला नाही, त्यानंतरच्या शनिवारीही आला नाही. चौकशी करीत आम्ही वस्तीत गेलो. तेथे एका नळावर पुष्कळ घरे होती आणि पाणी एक दिवसाआड येत होते. आई पहाटेच कामाला बाहेर पडत होती आणि धाकट्या बहिणीला तयार करून हा मुलगा शाळेत येत होता. आईने आम्हांला चहा दिला. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाली, "त्याला सगळ्यांपुढं घाणेरडा म्हटलं, म्हणून तो जात न्हाई."

आम्ही 'घाणेरडा' हा शब्द उच्चारला नव्हता. पण मुलाने तोच ऐकला होता. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या हाच शब्द ऐकवून पाण्यापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाच्या कार्यकर्त्यांच्या हातून हे घडावे याची आम्हांला लाज वाटली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या शाळेत दाखल झालेल्या बाल भीमरावांना शाळेच्या नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसेल तर दिवसभर तहान, असे बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. महाराष्ट्रात हा दिवस २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेतील पाणी आणि मुलाचा मान या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे आपल्याला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे.

थोर डॉक्टरांनाही राग आला होता

हात अस्वच्छ आहेत असे सांगितलेले कोणालाच आवडत नाही. १८४७ साली व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर काम करीत होते. तेथील एका प्रसूतिविभागात बाळंतरोगाने पुष्कळ स्त्रिया दगावत. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतूनच हा रोग येतो, असे त्यांनी ओळखले आणि क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. एप्रिल महिन्यात सुमारे १८ टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. तरीही अनेक नामवंत डॉक्टरांनी हे मानले नाही, कारण त्यांना तो आपला अपमान वाटला. शिकलेल्या डॉक्टरांची ही कथा, तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला काय वाटत असेल?

तेव्हापासून आम्ही नखे तपासणे बंद केले. नेलकटर वर्गात ठेवतो आणि मुले एकमेकांची नखे कापतात. पहिली नखे कार्यकर्त्याची कापली जातात, हा आमचा नियम आहे.

हळदीचा प्रयोग

मुलांना उपदेश नको असतो, प्रयोग हवा असतो. आमचा सर्वांत आवडता प्रयोग घरच्या हळदीचा आहे. चमचाभर तेलात चिमूटभर हळद कालवून ती दोन्ही हातांना चोळावी. एका मुलाने नुसत्या पाण्याने हात धुवावेत. तेलामुळे हळद निघत नाही. दुसऱ्याने साबणाची साधी वडी घेऊन नेहमी लावतो तसा साबण लावावा आणि पाणी घेण्यापूर्वी थांबावे. जेथे साबण लागला तेथे हळद लालसर झालेली दिसते. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचे मूळ आणि हाताची मागची बाजू मात्र पिवळीच राहते. आपला साबण कोठे पोहोचत नाही हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, कोणी रागावावे लागत नाही.

यात विज्ञानाचे दोन धडे आहेत. साबण अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पदार्थात हळद लाल होते, हा पहिला. (काही पातळ हँडवॉश अल्कधर्मी नसतात, म्हणून वडीच घ्यावी.) साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला चिकटते व दुसरे पाण्याला, हा दुसरा धडा. त्यामुळे हातावरील तेलकट मळ आणि त्यात अडकलेले जंतू सुटून पाण्याबरोबर वाहून जातात. काही विषाणूंचे बाहेरचे आवरणच स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. २०२० साली कोरोनाच्या काळात साबणाने हात धुवा असे वारंवार सांगितले जात होते, त्याचे कारण हेच. साबण लावून किमान वीस सेकंद चोळावे, वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि हात कोरडे करावेत, कारण ओल्या हातांवरून जंतू सहज दुसरीकडे जातात. शौचाहून आल्यावर आणि जेवणापूर्वी, या दोन वेळा चुकवू नयेत. शाळेत दुपारी खिचडी वाढण्यापूर्वीची पाच मिनिटे यासाठी मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावीत.

जेथे नळ नाही तेथे मुलांनीच पायाने चालणारा नळ तयार केला. दोन बेचक्या जमिनीत रोवून आडव्या काठीवर पाच लिटरचा रिकामा कॅन टांगावयाचा, झाकणाखाली तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावयाचे (हे काम मोठ्यांनी करावे) आणि झाकणाला बांधलेली दोरी खाली एका काठीला जोडावयाची. काठीवर पाय दाबला की कॅन वाकतो व बारीक धार पडते. तांब्याने हात धुण्यापेक्षा पाणी कितीतरी कमी लागते आणि कॅनला हात लावावा लागत नाही.

जंत, जुलाब आणि खरूज

लहान मुलांच्या पोटातील जंतांचा परिणाम अभ्यासावरही होतो. गोलकृमीची अंडी मातीतून हातांवर व हातांवरून तोंडात जातात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरते, आतड्याला चिकटून रक्त शोषते आणि मूल फिकट व मलूल होते. असे मूल वर्गात पेंगते आणि 'ढ' ठरते. २०१५ पासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी मोफत दिली जाते व ऑगस्टमध्ये दुसरी फेरी होते. या दिवशी आमचे कार्यकर्ते शिक्षकांच्या मदतीला जातात आणि अगोदर पालकांना भेटून शंका दूर करतात. गोळीने पोटातील जंत मरतात, नवे जंत होणे थांबत नाही. त्यासाठी हात धुणे, शौचालय वापरणे व पायांत चप्पल घालणे हाच उपाय आहे.

जुलाब झालेल्या मुलाला खरा धोका असतो तो शरीरातील पाणी कमी होण्याचा. जलसंजीवनीचे पाकीट मिळाले तर उत्तमच. ते नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण पाचवीपासूनच्या प्रत्येक मुलाला पाठ असावे. मीठ जास्त पडल्यास अपाय होतो, म्हणून आम्ही ते वर्गात मोजून करवून घेतो. मूल सुस्तावले, पाणी पिईना किंवा शौचावाटे रक्त पडले तर घरी थांबू नये, त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे.

खरूज आणि उवा या गोष्टी खाजगीतच बोलाव्यात. खरजेचे औषध घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते, नाहीतर ती पुन्हा फिरून येते. एकट्या मुलाला वेगळे बसवून काही साधत नाही, झाला तर मनस्तापच होतो.

एका कडीची गोष्ट

एका शाळेत सहावीतील एक मुलगी पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी नेत असल्याचे आमच्या एका कार्यकर्तीच्या लक्षात आले. विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, पाणी प्यायलं की जावं लागतं." मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती. तोपर्यंत आम्ही त्या शाळेत पाणी भरपूर प्यावे यावर दोन भाषणे दिली होती! कडी बसवली, आत बादली व मग ठेवला, पाण्याची जबाबदारी ठरवून घेतली. पुढील महिन्यात बाटल्या रिकाम्या जाऊ लागल्या. पाळीच्या दिवसांत घरी राहणाऱ्या काही मोठ्या मुलीही येऊ लागल्या. त्यांच्याशी महिला मंडळाच्या भगिनी स्वतंत्रपणे बोलतात. पाळी हा विटाळ नसून शरीराचा धर्म आहे, पॅड किती वेळाने बदलावे, वापरलेले कोठे टाकावे, हे त्या सांगतात.

यात आपण कोणावर उपकार करीत नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी, ग्रंथालय आणि खेळाचे मैदान या गोष्टी त्याच्या परिशिष्टातच आहेत. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी या गोष्टी मागाव्यात यासाठी आम्ही त्यांना तयार करतो. कडी आम्ही एकदा बसवू, पण ती मोडल्यावर कोणाकडे जावयाचे हे पालकांना ठाऊक हवे.

आणखी एक गोष्ट आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहतो. शाळेत झाडू कोणाच्या हाती दिला जातो? त्याच त्या वस्तीतल्या मुलांच्या हाती असेल, तर आम्ही तेथेच बोलतो. वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची. शौचालय धुणे हे मात्र कोणत्याच मुलाचे काम नाही. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला तो स्वखुशीने, आणि रात्री कीर्तनातून शिक्षणाचे महत्त्व सांगितले. जन्मामुळे हाती आलेला झाडू आणि आपण होऊन उचललेला झाडू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

पुस्तकांची पेटी

स्वच्छतेनंतरचा तास पुस्तकांचा. एका पत्र्याच्या पेटीत गोष्टींची पुस्तके, 'किशोर' मासिकाचे अंक, नकाशा, भिंग आणि लोहचुंबक. पुस्तके कुलपात ठेवू नयेत, फाटली तर मुलांकडूनच डिंकाने चिकटवून घ्यावीत. हळदीचा प्रयोग पाहिलेल्या मुलांनी घरी जाऊन लिंबू, चुना, खाण्याचा सोडा यांवर हळद टाकून पाहिली आणि त्याची यादी करून आणली. आम्ही सांगितले नव्हते. हा दिवस आमच्या दृष्टीने फार मोठा होता. हात धुणारे मूल आजारापासून वाचते, "असे का होते?" असे विचारणारे मूल पुढे कोणापुढे वाकत नाही.

ज्या मुलाचा उल्लेख आरंभी केला, तो परत आला. त्याला आम्ही पुस्तकांच्या पेटीची किल्ली सांभाळावयास दिली. दर शनिवारी तो सर्वांच्या आधी येतो आणि येताना हात धुऊन येतो. त्याला तसे कोणी सांगितलेले नाही.

सभासद बंधू-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रहो, या कामाला मोठा निधी लागत नाही. शनिवारचे दोन तास, साबणाच्या काही वड्या आणि मुलाकडे बरोबरीच्या नात्याने पाहणारी नजर एवढे पुरे आहे. जे महाविद्यालयात शिकत आहेत त्यांनी ज्या शाळेतून आपण वर आलो त्या शाळेपासूनच सुरुवात करावी. तेथील नळ, कडी आणि पुस्तकांचे कपाट एकदा पाहून यावे. पुढचे काम आपोआप सुचेल.