घर बांधताना आधी माती, मग गवंडी, मग दर



'घर पाहावे बांधून' असे आपले वाडवडील सांगत आले. आमच्या चाकण भागात आज हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे चिंचवड, भोसरी करीत कारखाने चाकणच्या माळापर्यंत आले. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांत जिथे ज्वारी-बाजरी डोलत होती, तिथे कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. खोल्या हेच इथले नवे पीक झाले आहे.

पिकाच्या बियाण्याला आपण दहा ठिकाणी विचारतो. घर मात्र पाहुण्याने सांगितलेल्या पहिल्या गवंड्याच्या हाती सोपवतो. बी फसले तर एक हंगाम जातो. घर फसले तर जमिनीचे आलेले पैसे आणि डोक्यावरचे कर्ज, दोन्ही भिंतीत गाडले जातात. म्हणून यावेळी खतपाण्याचा विषय बाजूला ठेवून गवंडी आणि ठेकेदार यांच्याविषयी लिहितो.

माझीच चूक आधी सांगतो

मी शेतकीचा पदवीधर. तीस वर्षे लोकांच्या शेतातली माती पाहत आलो. पण गावाकडे, नदीच्या अंगाला स्वतःचे घर बांधायला काढले तेव्हा घराखालची माती मी पाहिली नाही. पाया खणताना म्हाताऱ्या गवंड्याने पहार टाकून पाहिली आणि म्हणाला, "साहेब, वर मुरूम दिसतोय, पण खाली काळं लागतंय. अजून दोन-अडीच फूट खाली जाऊ." मला पावसाळ्याआधी स्लॅब उरकायची घाई होती. खोदाई आणि दगडाचा खर्च वाढेल म्हणून मी नको म्हणालो. तो गप्प बसला.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराचा दरवाजा लागेनासा झाला. सुतार बोलावून फळी तासून घेतली. उन्हाळ्यात तोच दरवाजा सैल झाला आणि भिंतीला चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर गेली. घरची मंडळी म्हणाली, "लोकांना माती तपासा म्हणून सांगत फिरता, आपल्या घराचं काय?" उत्तर नव्हते. गवंडी बरोबर होता, मालक चुकला होता.

काळी माती काय करते?

काळ्या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि सुकले की आकसतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. शेताला ही ओल धरण्याची ताकद उपकारक आहे, घराला मात्र अपायकारक. पावसाळ्यात माती पाया वर रेटते, उन्हाळ्यात खाली सोडते. भिंतीला हे वर्षानुवर्षे सोसत नाही.

थंड देशांतही घरांना असाच त्रास होतो, कारण मात्र वेगळे. पाण्याचा बर्फ झाला की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. जमिनीतली ओल गोठली की जमीन वर उचलते आणि अंगणातल्या फरश्या उखडतात. म्हणून तिकडचा जाणता गवंडी गोठणाऱ्या थराच्या खाली पाया नेतो आणि फरशीखाली पाणी थांबणार नाही असा खडीचा थर देतो. तिकडे बर्फ, इकडे काळी माती; पण शत्रू एकच, तो म्हणजे जमिनीत मुरलेले पाणी.

घरच्या घरी परीक्षा

पिकासाठी आपण नांगरटीच्या थरातली माती तपासतो. घरासाठी पायाच्या तळाची माती घ्यावी. ती वाळवून, कुटून बारीक चाळणीने चाळावी. मापाच्या खुणा असलेल्या १०० मिलिलिटरच्या दोन नळ्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळतील. प्रत्येक नळीत १० ग्रॅम माती टाकावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून ढवळावे आणि २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीच्या वर गेली, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाया भरू नये.

उपाय आहेत. काळा थर उथळ असेल तर तो काढून खाली घट्ट मुरमावर पाया घ्यावा. थर खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी सुचवलेले, खालच्या टोकाशी फुगीर असे काँक्रीटचे खांब पायात घेता येतात. न फुगणाऱ्या मुरमाड मातीचा थर थरावर थर दाबून देण्याची पद्धतही आहे. कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली आहे. यातले कोणते करायचे हे जागा पाहून इंजिनिअरने ठरवावे.

गवंडी कसा पारखावा?

आमच्या पट्ट्यात कामाला तोटा नाही. मराठवाडा, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून कारागीर येतात. त्यात उत्तम हात आहेत, तसेच काल घमेले उचलणारे आज थापी धरून बसलेलेही आहेत. नवे घर पाहून भुलू नका. नव्या घराला रंग असतो, चीर नसते. त्याने बांधलेले, तीन पावसाळे सोसलेले घर पाहायला जा. तिथल्या घरधन्याला विचारू नका, घरातल्या बाईला विचारा: मोरीचे पाणी निघते का, पावसाळ्यात दारे अडकतात का, ओल कुठे येते? पाच मिनिटांत खरे काय ते कळते.

मग गवंड्याला आपल्या जागेवर आणा आणि गप्प उभे राहा. आल्या आल्या दर सांगणारा एक असतो. दुसरा आधी विचारतो, इथे विहिरीला पाणी किती फुटांवर लागते, पावसाचा लोंढा कुठून येतो, शेजारच्याचा पाया किती खोल गेला. दर थोडा जास्त असला तरी दुसऱ्याला काम द्या. तो तुम्हाला एखाद्या गोष्टीला नाही म्हणाला, तर रागावू नका. मी रागावलो होतो.

तोंडी व्यवहार नको

काम मजुरीवर की मालासकट, हे आधी ठरवा आणि कागदावर लिहा. पायाची खोली, भिंतीची जाडी, सिमेंटचे प्रमाण, लोखंडाचा व्यास त्यात यावा. खडी-वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, गिलावा आणि फरशीचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. गिलाव्याच्या मापातून दारे-खिडक्या वजा करायच्या की नाही, पायऱ्या, छज्जा, ओटा, पाण्याची टाकी दरात धरली आहे की वेगळी, याच गोष्टींवरून शेवटी भांडणे होतात.

पैसे कामाच्या टप्प्याने द्यावेत: जोता, दारावरची पट्टी, स्लॅब, गिलावा, फरशी. झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे कधीही पुढे जाऊ देऊ नयेत. सरकारी कामात ठेकेदाराच्या बिलातून काही रक्कम राखून ठेवतात आणि ठरलेला काळ निर्दोष गेल्यावर परत देतात. आपणही थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत ठेवावी, पण हे आधी सांगून आणि लिहून. हाताखालच्या मजुरांची मजुरी मात्र अडवू नये. आठवड्याच्या बाजाराला त्यांचे पैसे हातात पडलेच पाहिजेत.

अंगणाची फरसबंदी

आता अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याची हौस आली आहे. हौस चांगली आहे, पण ब्लॉकची ताकद त्याच्या खालच्या थरात असते. काळ्या मातीवर नुसती कच टाकून बसवलेले ब्लॉक पहिल्याच पावसात खालीवर होतात. वरची माती काढून मुरूम-खडीचा थर पाणी मारून, रोलर फिरवून दाबावा. त्यावर इंच-दीड इंच कच आणि मग ब्लॉक. माणसे आणि मोटारसायकलीपुरता ६० मिलिमीटरचा ब्लॉक पुरतो. कांद्याने भरलेली ट्रॉली अंगणात येणार असेल तर ८० मिलिमीटरचाच घ्या. कडेला काँक्रीटची पट्टी हवी, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात. दहा फुटांना दोन इंच उतार घराकडून बाहेर द्यावा. अशी फरसबंदी जोत्याला चारी बाजूंनी असली, तर पावसाचे पाणी पायाशी मुरत नाही. ती नुसती शोभा नाही, पायाची राखण आहे.

पाणी मोजून घाला, मोजून मारा

मिश्रण सैल झाले की ओतायला सोपे जाते, म्हणून मजूर पाणी वाढवतात. स्लॅबच्या एकास दीड, तीन या मिश्रणात सिमेंटच्या ५० किलोच्या पोत्याला ३० लिटर पाणी ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे दोन मोठ्या बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कमकुवत होते.

पुढे पाणी मारण्यात कंजुषी नको. थंड देशांत ताजे काँक्रीट गोठू नये म्हणून त्यावर जाड पांघरूण घालतात. आपल्याकडे ते वाळू नये म्हणून ओली पोती घालावीत. हल्लीच्या मिश्र सिमेंटला उन्हाळ्यात १४ दिवस ओलावा हवा. हे काम ठेकेदाराचे की घरच्यांचे, तेही कागदात लिहा. नाहीतर तो तुमच्यावर आणि तुम्ही त्याच्यावर सोडून देता.

माझ्या घराभोवती पुढे फरसबंदी केली, छपराचे पाणी पन्हाळीने लांब सोडले. चीर वाढायची थांबली, पण बुजली नाही. ती तशीच ठेवली आहे. घर बांधायला निघालेला कोणी सल्ला विचारायला आला की आधी त्याला ती दाखवतो आणि म्हणतो, पेरणीआधी मूठभर माती हातात घेता ना? पाया खणण्याआधीही घ्या.