गेम बनवणाऱ्या मुलांचा धीर

कारंजा (घाडगे) तालुक्यातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी आम्ही फिरतो. तक्रारी ठरलेल्या असतात: बीपी, शुगर, रक्त कमी. अलीकडे आयांची एक नवी तक्रार कानावर येते. "पोट्टं रातभर कॉम्प्युटरपाशी बसते, जेवत नाही, आवाज दिला की अंगावर येते." विचारपूस केली तेव्हा एक-दोन घरांत कळलं की मुलं गेम खेळत नव्हती, बनवत होती. तेही जुने, नव्वदच्या दशकात टीव्हीला डबा जोडून, कॅसेट घालून खेळायचे तसे. (कॅसेट चालेना की जो तो तिच्यात फुंकर मारायचा. त्या ओलाव्याने पिना उलट खराबच होतात.)

हा छंद आम्हाला आवडला. १९८५ चा मारिओ अवघ्या ४० केबीत बसवलेला होता. आज मोबाइलवरचा एक साधा फोटोही त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. असा लहान गेम एकटं माणूस घरी बसून करू शकतं. चौकटीच्या वहीत आठ बाय आठ घरं रंगवली की पात्र तयार. 'स्क्रॅच' नावाची प्रणाली फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते.

अडचण पुढे येते. पात्र भिंतीतून आरपार जातं आणि का जातं ते सापडत नाही. रात्रीचे दोन वाजतात. मान आखडते, मनगटाला मुंग्या येतात, डोळे चुरचुरतात, मग माउस आपटला जातो. घरचे म्हणतात, धीर धर.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या समाजाला "सहन करा" हे पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. त्या अर्थाचा धीर आम्ही मुलांना शिकवणार नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पारमिता समजावल्या आहेत. त्यात खंती म्हणजे द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणं. हाती घेतलेल्या कामातून माघार न घेणं हे वीर्य, आणि ध्येय गाठण्याचा पक्का निश्चय हे अधिष्ठान. गेम करणाऱ्याला लागतात या शेवटच्या दोन.

पण वीर्य म्हणजे जागरण नव्हे. झोप मोडलेल्या मेंदूला समोरची चूकही दिसत नाही; रात्रपाळी केलेल्या कोणत्याही नर्सला विचारा. म्हणून थांबायची वेळ आधीच ठरवावी. उठताना कुठे अडलं ते वहीत दोन ओळींत लिहावं, म्हणजे डोकं ते घेऊन झोपायला जात नाही. दर वीस मिनिटांनी नजर लांब टाकावी. आणि चूक सापडतच नसेल तर आजीला समोर बसवून ओळ न ओळ समजावून सांगावी. आजीला काही कळो न कळो, सांगता सांगता बहुतेकदा आपलीच जीभ चुकीच्या ओळीवर अडते. पहिला गेम एका पडद्याचा, एका शत्रूचा असला तरी पुरे. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी 'टेट्रिस' केला तेव्हा त्यांच्या यंत्रावर चित्रंच निघत नव्हती. त्यांनी कंसाच्या चिन्हांचे चौकोन करून काम भागवलं.

आयांनाही सांगणं आहे. "गेम खेळतो" म्हणून चारचौघांत बोलू नका. काय बनवलं ते दाखवायला सांगा, दोन मिनिटं खेळून पाहा. कॉम्प्युटर हिसकावल्याने राग वाढतो. जेवणाची वेळ एकत्र ठरवली तर ती पाळली जाते, असा आमचा अनुभव आहे. मुलगी करत असेल तर तिच्या वाट्याची भांडी एखाद्या दिवशी भावाने घासावीत.

मात्र लक्षणांकडे डोळेझाक नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. तो खेळण्याविषयी आहे, बनवण्याविषयी नाही. तरी मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, बोलणं बंद केलं असेल, जगण्याचा कंटाळा आल्याचं म्हणत असेल, तर कारण शोधत बसू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेला १४४१६ वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.