मांस भरतं, कातडी मागे राहते

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच अडतात. पुढे तांबड्या मातीच्या वाटा आणि घोडे. अशा वाटेवर, किंवा खाली नेरळ-कर्जतकडच्या एखाद्या तारेच्या कुंपणात, शिंगरू बुजतं आणि नडगी सोलून घेतं. मालक धावतो तो हळदीच्या डब्याकडे, नाहीतर जांभळ्या औषधाकडे.

पण घोड्याच्या पायाचं दुखणं वेगळंच. गुडघ्याखाली स्नायू जवळपास नसतातच. हाड, कंडरा आणि वर ताणून बसलेली कातडी. ती सैल नसल्याने जखमेच्या कडा एकमेकींकडे सरकत नाहीत. नवी कातडी कडेने आत वाढते, तीही दिवसाला जेमतेम ०.०९ मिलिमीटर. मधलं लाल, दाणेदार मांस मात्र थांबायला तयार नसतं. ते फुगून वर येतं आणि कातडीची वाटच अडवतं. या मांसात मज्जातंतू नसतात, म्हणून पशुवैद्य ते भूल न देताही छाटू शकतो. रक्त मात्र भळाभळा वाहतं. घरी ब्लेड हातात घेऊ नये, ते याचसाठी. मोरचूद लावून जाळायची रीत जुनी आहे, पण त्यात कडेची कोवळी कातडीही जळते.

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात जॅसिंथा विल्मिंक यांनी १९९०च्या दशकात घोडे आणि तट्टं यांच्या जखमांची तुलना केली. तट्टांच्या जखमा लवकर मिटल्या. त्यांचा दाह सुरुवातीला जोराचा असतो, पण लवकर ओसरतो. घोड्यांचा मंद असतो आणि रेंगाळत राहतो. आपल्याकडच्या बुटक्या जनावरांबाबत निदान आशा धरायला हरकत नाही.

घरी करायचं ते साधं आहे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं, मग पाइपच्या बेताच्या धारेने जखम १०-१५ मिनिटं धुवायची. पोविडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून वापरावं. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघायला बरा वाटतो, पण तो जिवंत पेशीही मारतो. पट्टीखाली कापसाची जाड गादी हवीच. नुसती आवळलेली पट्टी कंडरेला इजा करते.

खरी धास्ती धनुर्वाताची. पाळीव जनावरांत घोडा त्याला सर्वात लवकर बळी पडतो, आणि जंतू तर लिदीत नि मातीतच असतात. जंतुशास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ मध्ये हा जंतू वेगळा केला. धनुर्वात होऊ नये म्हणून माणसांना टोचतात ते एटीएस हे प्रतिविषही घोड्याच्याच रक्तापासून बनतं. शिंगराला लस दिलेली नसेल, तर जखम नखाएवढी असली तरी पशुवैद्याला बोलवावं.

आणि सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, चिकट पाणी झिरपत असेल, तर सांधाच उघडा पडलेला असू शकतो. तिथे घरगुती उपचार थांबतात. दवाखाना त्याच दिवशी गाठावा लागतो.